चवदार तळ्याचा दावा : पाणी, पैसा आणि वहिवाट

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह हा सामान्यतः २० मार्च १९२७ या एका दिवसाच्या घटनेच्या रूपाने अभ्यासला जातो. त्या दिवसाचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. तथापि या तळ्याच्या पाण्याचा प्रश्न १९२३ साली कायदेमंडळातील ठरावापासून सुरू झाला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. हा चौदा वर्षांचा क्रम सलग पाहिला म्हणजे त्यामागील मूलभूत प्रश्न ध्यानात येतो. सार्वजनिक पाणी सार्वजनिक कशामुळे ठरते : त्यावर खर्च झालेल्या पैशामुळे, वहिवाटीमुळे, की माणसाच्या गरजेमुळे?

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. पाणी आणि औषधोपचार या दोन्ही गरजा येथे एकाच तत्त्वाखाली आल्या, ही गोष्ट लक्षणीय आहे. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तदनुसार तळे खुले केले. परंतु हा हक्क कागदावरच राहिला. मार्च १९२७ मध्ये महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा तिच्या चालकांना चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ठराव आणि व्यवहार यांतील अंतर याहून स्पष्टपणे दाखविणारा पुरावा क्वचितच सापडेल.

हे अंतर तोडण्याचे कार्य परिषदेने केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ला झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुन्हा सत्याग्रह होणार असे दिसताच डिसेंबरात काही सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. आंबेडकरांनी न्यायालयाचा मान राखून डिसेंबरातील सत्याग्रह तहकूब केला.

दाव्यात वादींनी सांगितलेला हक्क मुख्यतः पुरातन वहिवाटीचा होता. त्याच्या जोडीला पैशाचाही मुद्दा होता. १८८२-८३ च्या सुमारास तळ्याची दुरुस्ती झाली ती सवर्ण हिंदू व मुसलमान यांच्या वर्गणीतून. अस्पृश्यांनी तीत काही दिले नव्हते. ज्यांना पाण्याजवळ येऊ दिले नाही, त्यांनी वर्गणी दिली नाही हाच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरावा, यातील विपर्यास उघड आहे. शिवाय मुसलमानांच्या वापराने जे पाणी विटाळत नव्हते, ते इतरांच्या स्पर्शाने कसे विटाळते, याचे समाधानकारक उत्तर वादींपाशी नव्हते.

खालच्या दोन न्यायालयांचे निकाल १९३१ आणि १९३३ साली वादींच्या विरुद्ध गेले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचे न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी वादींचे अपील फेटाळले. तळे मुख्यतः नैसर्गिक आहे आणि त्याचा उगम अज्ञात आहे. सभोवार सवर्णांची घरे असल्याने अस्पृश्य तेथे येत नसतील, पण तेवढ्यावरून अनादी वहिवाट सिद्ध होत नाही, असा या निर्णयाचा रोख होता.

या निकालाची मर्यादा मात्र नीट ओळखली पाहिजे. वहिवाट सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय, याचा विचार कदाचित करावा लागला असता, असे न्यायालयाने म्हटले आणि तो प्रश्न अनिर्णित ठेवला. म्हणजे प्रतिवादी जिंकले ते वादींचा पुरावा अपुरा पडला म्हणून. पाणी हा माणसाचा हक्क आहे असे न्यायालयाने म्हटले म्हणून नव्हे. ती उणीव भरून निघण्यास १९५० सालची राज्यघटना यावी लागली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तळी आणि स्नानघाट यांच्या वापरातील जातिभेद निषिद्ध ठरविला. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने रुग्णालये व दवाखाने यांतील प्रवेश नाकारणे दंडनीय केले. तथापि घटनेच्या तरतुदीतही शासकीय निधी हा निकष राहिलाच. त्याला ‘सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी समर्पित’ स्थळांची जोड मिळाली, ही १९२३ च्या ठरावाच्या पुढची पायरी होय.

ठरावाने हक्क दिला, पण पाणी दिले नाही. न्यायालयाने पाणी दिले, पण हक्काचे तत्त्व सांगितले नाही. या दोहोंमधली पोकळी उजेडात आली ती परिषदेला जमलेल्या माणसांनी तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळ भरली तेव्हा. महाडच्या लढ्याचे मोल यातच आहे.