घरखरेदी आणि कायदेशीर विलंब : मुदती, हक्क आणि दाद मागण्याचे मार्ग

घर विकत घेण्याचा व्यवहार कागदावर साधा दिसतो. विक्रेता किंमत स्वीकारतो, दुय्यम निबंधकासमोर सह्या होतात आणि खरेदीदाराला ताबा मिळतो. प्रत्यक्षात इसार दिल्यापासून किल्ली हाती येईपर्यंत अनेक महिने, आणि बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत अनेक वर्षे निघून जातात. या काळात कर्जाचा हप्ता आणि राहत्या जागेचे भाडे असा दुहेरी भार अनेक कुटुंबांना सोसावा लागतो. प्रत्येक विलंब टाळणे खरेदीदाराच्या हाती नसते. मात्र विलंबाचे कारण काय, कायद्याने त्यासाठी किती मुदत दिली आहे आणि ती उलटल्यावर दाद कोठे मागायची, याची माहिती असल्यास नुकसान आटोक्यात ठेवता येते.

मालकीचा शोध

विलंबाचे सर्वांत जुने कारण मालकी हक्काच्या पडताळणीत आहे. भारतात १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दस्ताची नोंदणी होते; मालकी हक्काची हमी शासन देत नाही. सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका हा महसुली अभिलेख आहे आणि त्यावरील नाव मालकीचा निर्णायक पुरावा ठरत नाही, असे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. त्यामुळे बँका आणि वकील सामान्यतः मागील ३० वर्षांच्या दस्तांचा शोध घेतात. या साखळीतील एखादे खरेदीखत हरवलेले असले, जुन्या गहाणाची परतफेड नोंदवलेली नसली किंवा मृत मालकाच्या वारसांची नोंद राहून गेली असली, तर व्यवहार तेथेच थांबतो.

वारसांचा प्रश्न सर्वाधिक वेळ घेणारा आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. ही दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. वडिलोपार्जित जागा केवळ भावांनी विकायला काढली आणि विवाहित बहिणीची संमती घेतली नाही, तर पुढे वाटपाचा दावा दाखल होण्याची शक्यता राहते. अशा वेळी नोंदणीकृत हक्कसोडपत्र अथवा खरेदीखतावर बहिणीची मान्यता देणारी सही मिळेपर्यंत थांबणे हेच श्रेयस्कर. या कामी गेलेले दोन महिने दिवाणी न्यायालयात जाणाऱ्या वर्षांपेक्षा स्वस्त पडतात.

गोव्यात घर घेऊ इच्छिणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. तेथील पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यानुसार विवाहानंतर सामान्यतः पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि स्थावर मिळकत विकताना दोघांची संमती लागते. मूळ मालक मरण पावलेला असल्यास वारसांमधील वाटणीसाठी ‘इन्व्हेंटरी’ नावाची न्यायालयीन प्रक्रिया पार पाडावी लागते. महाराष्ट्रातून आलेल्या खरेदीदारांना ही पद्धत अपरिचित असते आणि अंदाजापेक्षा बराच अधिक काळ तीत जातो.

महाराष्ट्रात भोगवटादार वर्ग २ ची जमीन हे विलंबाचे वेगळे कारण आहे. शासनाने काही अटींवर दिलेली ही जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. इमारत अशा जमिनीवर उभी असल्यास तेथील सदनिकेच्या पुनर्विक्रीलाही अडथळा येऊ शकतो. म्हणून इसार देण्यापूर्वी सदनिकेच्या कागदांबरोबर जमिनीचा उताराही पाहिला पाहिजे. हे काम बहुतेक जण बँकेवर सोपवतात आणि बँकेचा नकार येतो तेव्हा रक्कम विक्रेत्याकडे जाऊन पडलेली असते.

मिळकतीवर न्यायालयात दावा प्रलंबित असल्यास मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ५२ लागू होते. दावा चालू असताना जागा घेणाऱ्यावर त्या दाव्याचा निकाल बंधनकारक असतो. दाव्याची माहिती नव्हती, हा बचाव सामान्यतः चालत नाही. मुंबईसाठी १९३९ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार मात्र प्रलंबित दाव्याची सूचना नोंदवलेली असावी लागते. न्यायालयांच्या संकेतस्थळांवर पक्षकाराच्या नावाने प्रकरणांचा शोध घेता येतो. वृत्तपत्रातील जाहीर नोटिशीइतकाच हा शोध महत्त्वाचा असूनही अनेकदा तो घेतला जात नाही.

कागदपत्रांतील विलंबाला कंटाळून काही जण केवळ मुखत्यारपत्र आणि साध्या करारावर ताबा घेतात. दिल्ली आणि परिसरात ही पद्धत विशेष रूढ होती. अशा व्यवहाराने मालकी हस्तांतरित होत नाही, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला.

साठेखतानंतरची टाळाटाळ

साठेखत म्हणजे विक्रीचा करार. केवळ साठेखताने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही, खरेदीखत करून घेण्याचा अधिकार मात्र मिळतो. जागांचे भाव वाढू लागले की विक्रेत्याला अडचणी सुचू लागतात. सोसायटीचे पत्र आले नाही, भाऊ परदेशात आहे, मूळ कागद सापडत नाही, अशी कारणे पुढे केली जातात. येथे खरेदीदाराचे खरे नुकसान मुदत कायद्याच्या अज्ञानाने होते. कराराची पूर्तता करून मागण्याचा दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत दाखल करावा लागतो. तारीख ठरलेली नसल्यास, विक्रेत्याने नकार दिल्याचे कळल्यापासून ही तीन वर्षे मोजली जातात. तोंडी आश्वासनांमुळे ही मुदत वाढत नाही.

१ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष कायद्यातील स्थिती खरेदीदाराला अनुकूल झाली. कराराची पूर्तता करण्याचा आदेश देणे पूर्वी न्यायालयाच्या विवेकाधीन होते, दुरुस्तीनंतर तो सर्वसाधारण नियम झाला. तरीही खरेदीदार सुरुवातीपासून उर्वरित रक्कम देण्यास तयार आणि समर्थ होता, हे सिद्ध करावेच लागते. कर्जमंजुरीचे पत्र, खात्यातील शिल्लक आणि ठरलेल्या दिवशी निबंधक कार्यालयात हजर राहिल्याचा लेखी पुरावा यांचे महत्त्व या टप्प्यावर कळते. विक्रेता चालढकल करू लागताच वकिलामार्फत नोटीस पाठवणे, हा संबंध बिघडवण्याचा प्रकार मानला जातो. पण न्यायालयात तीच नोटीस सर्वप्रथम पाहिली जाते.

व्यवहार मोडल्यास दिलेल्या रकमेसाठी खरेदीदाराचा त्या मिळकतीवर बोजा राहतो, अशी तरतूद १८८२ च्या कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. खरेदीदाराने स्वतः विनाकारण ताबा नाकारला असेल, तर हे संरक्षण मिळत नाही.

सही झालेला दस्त चार महिन्यांत नोंदणीसाठी सादर करणे बंधनकारक आहे. अपरिहार्य कारण असल्यास आणखी चार महिने मिळतात, मात्र त्यासाठी नोंदणी शुल्काच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो.

बिल्डरचा विलंब

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीतील सदनिकेबाबत स्थावर संपदा (विनियमन आणि विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच ‘रेरा’ कायदा महत्त्वाचा आहे. १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे अमलात आला. त्यापूर्वी महाराष्ट्रात १९६३ चा सदनिका मालकी कायदा, म्हणजे ‘मोफा’, खरेदीदाराचा मुख्य आधार होता. रेरानुसार ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीकृत करार करण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही आणि खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम जमीन आणि बांधकाम यांच्या खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते.

करारातील तारखेला ताबा मिळाला नाही, तर कलम १८ नुसार खरेदीदारापुढे दोन पर्याय असतात. प्रकल्पातून बाहेर पडून संपूर्ण रक्कम व्याजासह परत मागता येते किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याच्या विलंबाचे व्याज मागता येते. महाराष्ट्राच्या नियमांत हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च कर्जदराहून (एमसीएलआर) दोन टक्के अधिक ठेवण्यात आला आहे. बाहेर पडणाऱ्या खरेदीदाराचा परताव्याचा हक्क बिनशर्त आहे आणि अनपेक्षित घटना किंवा न्यायालयाची स्थगिती ही कारणे त्याच्या आड येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. ‘न्यायालयीन स्थगितीमुळे काम थांबले’ हे उत्तर ऐकून परतणाऱ्यांनी हा निर्णय ध्यानात ठेवावा.

पर्याय निवडताना मात्र घाई करू नये. दहा वर्षांपूर्वीच्या भावाने घेतलेली जागा सोडून व्याजासह रक्कम घेतली, तरी तेवढ्या पैशांत त्याच भागात दुसरे घर मिळेलच असे नाही. इमारत पूर्णत्वाकडे असल्यास प्रकल्पात राहून व्याज मागणे अनेकदा अधिक हिताचे ठरते. काम पायापाशीच थांबले असल्यास बाहेर पडण्याचा विचार लवकर करावा. संतापून हप्ते एकतर्फी बंद करणेही धोक्याचे आहे. थकलेल्या हप्त्यांवर खरेदीदारालाही त्याच दराने व्याज द्यावे लागते आणि बिल्डरला उलट तक्रारीची संधी मिळते.

भोगवटा प्रमाणपत्र नसताना ताबा देऊ केला जातो, तेव्हाही सावध राहावे लागते. प्रमाणपत्र न मिळवणे ही सेवेतील त्रुटी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. ताबा घेताना ‘कोणतीही तक्रार नाही’ असे छापील पत्र सहीसाठी पुढे केले जाते. त्यावर सही करू नये. नाइलाजाने करावी लागल्यास विलंबाच्या व्याजाचा हक्क राखून ठेवल्याचे लेखी नमूद करावे.

दाद कोठे मागावी

रेरा प्राधिकरणाने तक्रार ६० दिवसांत निकाली काढावी, अशी अपेक्षा कायद्यात आहे. व्यवहारात बहुतेकदा त्याहून अधिक काळ लागतो. बिल्डरने अपील केल्यास खरेदीदाराला देय असलेली संपूर्ण रक्कम आधी जमा करावी लागते, ही तरतूद निव्वळ वेळकाढू अपिलांना आळा घालते. खरी अडचण वसुलीची आहे. आदेशातील रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. त्यासाठी वसुली प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पुढे तहसीलदारांकडे जाते. बिल्डरच्या नावावरील मिळकतींचा तपशील खरेदीदाराने स्वतः मिळवून दिल्यास जप्तीचे काम पुढे सरकते. अन्यथा कागद कार्यालयातच पडून राहतो.

ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. रेरा असताना ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केले. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग, अशी २०२१ च्या नियमांनुसार विभागणी आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते.

बिल्डर कंपनी दिवाळखोरीत गेल्यास चित्र बदलते. २०१८ च्या दुरुस्तीने घरखरेदीदारांना वित्तीय धनको मानण्यात आले आणि धनकोंच्या समितीत त्यांना स्थान मिळाले. दिवाळखोरीचा अर्ज करण्यासाठी मात्र २०२० पासून त्याच प्रकल्पातील किमान १०० खरेदीदार किंवा एकूण खरेदीदारांपैकी १० टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, एकत्र येणे आवश्यक आहे. प्रक्रिया सुरू झाल्यावर इतर दावे आणि वसुली थांबते, त्यामुळे प्रत्येकाने आपला दावा मुदतीत नोंदवणे अत्यावश्यक ठरते. नोएडा परिसरातील आम्रपाली समूहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये कंपन्यांची रेरा नोंदणी रद्द करून अपुऱ्या इमारती पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने रखडलेल्या प्रकल्पांसाठी २५ हजार कोटी रुपयांच्या ‘स्वामी’ निधीची घोषणा केली.

ताबा मिळाल्यानंतरही एक काम उरते. जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे होणे, म्हणजे अभिहस्तांतरण, महाराष्ट्रात अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे रखडते. बिल्डर ते करून देत नसल्यास सोसायटीला मोफा कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीनुसार जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. या अर्जावर सहा महिन्यांच्या आत निर्णय देण्याचे बंधन आहे. पुनर्विकासाचा प्रस्ताव येईपर्यंत बहुतेक सोसायट्यांना या अर्जाची आठवण होत नाही आणि तोवर मूळ जमीनमालकाच्या वारसांची संख्या वाढलेली असते.