रिकाम्या भांड्याची गोष्ट

हमरस्त्यालगतच्या भंगाराच्या दुकानांत एक वस्तू हमखास दिसते. पांढऱ्या प्लॅस्टिकची चौकोनी टाकी, भोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा, खाली तोटी. कारखान्यांत तिला ‘आयबीसी’ म्हणतात. पिंप आणि टँकर यांच्या मधल्या मापाचं हे भांडं, बहुधा हजार लिटरचं. कारखान्यांच्या भांडारात माझी बरीच वर्षं गेली. तिथे एक गोष्ट मनात पक्की झाली. द्रव पदार्थ कशात भरायचा हे त्या पदार्थाइतकंच तो वाहून नेणाराही ठरवतो.

आपल्याकडचंच पाहा. पाणी रेड्याच्या पाठीवरून जायचं, तेव्हा पखाल होती. तूप-तेल चामडी बुधल्यांतून यायचं. जनावराच्या पाठीवर मडकं फुटतं, चामडं वाकतं. जे भांडं जागचं हलवायचं नाही, तो मातीचा रांजण.

युरोपात पिंप लाकडी होतं. मध्ये फुगीर असल्यामुळे आडवं केलं की ते जमिनीला थोडंसंच टेकतं आणि एकटा माणूस ते ढकलत, वळवत नेतो. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागलं, तेव्हा ते भरायला अशीच लाकडी पिंपं हाताशी होती. पुढे १८७०च्या दशकाच्या आरंभी तिथल्या उत्पादकांनी ४२ गॅलन, म्हणजे सुमारे १५९ लिटर, हे पिंपाचं माप पक्कं केलं. कच्च्या तेलाचा भाव अजून त्याच बॅरलमध्ये सांगतात. तेल मात्र नळांतून आणि जहाजांतून जातं.

पूर्वेकडे रॉकेल आलं ते पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून, एका लाकडी खोक्यात दोन डबे. चौकोनी अशासाठी, की जहाजाच्या पोटात जागा वाया जात नाही. १८९२ साली मार्कस सॅम्युअल यांचं ‘म्युरेक्स’ हे टाकीजहाज सुटं रॉकेल घेऊन सुएझ कालव्यातून पूर्वेला निघालं. टाकीतून आणलेलं तेल स्वस्त पडत होतं. पण गिऱ्हाइकाला हवा होता डबा! रॉकेल संपलं की डब्याच्या पत्र्याचं छप्पर व्हायचं, भांडी व्हायची. अखेर सॅम्युअल यांना पूर्वेतच डबे तयार करवून घ्यावे लागले. प्रतिस्पर्धी स्टँडर्ड ऑइलचे डबे निळे, तर यांचे लाल. भरलेल्या मालाला रिकाम्या भांड्यापुढे नमावं लागलं, ते असं. आपला गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा त्याच चार गॅलनी घराण्यातला.

हाच पातळ पत्र्याचा डबा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पेट्रोलसाठी वापरला. आदळआपटीत त्याचे सांधे उकलायचे आणि पेट्रोल वाळूत जिरायचं. जर्मनांचा २० लिटरचा दणकट डबा हाती लागताच दोस्तांनी त्याची नक्कल केली. तोच ‘जेरीकॅन’.

पोलादी पिंपाच्या इतिहासात एक अनपेक्षित नाव भेटतं. ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी अमेरिकन पत्रकार नेली ब्लाय. पतीच्या निधनानंतर तिने त्याचा कारखाना चालवला आणि तिथल्या हेन्री वेर्हान या अभियंत्याने केलेल्या पोलादी पिंपाचं पेटंट १९०५ साली मिळालं. आजचं दोनशे लिटरचं पिंप याच वंशातलं. त्याच्या अंगावरची दोन उठावदार कडी गडगडवण्यासाठी. भरलं की वजन दोनशे किलोंच्या पुढे, तरी सराईत हमाल ते तिरपं करून काठावर फिरवत नेतो.

मग गोल आकार मागे का पडू लागला? साधं गणित आहे. चौकोनात गोल बसवला की चारही कोपरे मिळून एकवीस टक्क्यांहून जास्त जागा वाया जाते. एका फळीवर चार पिंपं मांडली, तर सुमारे आठशे लिटर माल बसतो. साधारण तेवढ्याच जागेत चौकोनी टाकी हजार लिटर घेते. फोर्कलिफ्ट आली, माणसाने गडगडवायची गरज संपली आणि भांडं पुन्हा चौकोनी झालं. हमालाचं कसब मात्र त्या टाकीला नको आहे.

ही टाकी निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, द्रवाचं वजन. हजार लिटर पाणी एक टन भरतं, तर तीव्र गंधकाम्ल १.८ टनांहून जास्त. टाकी तेवढ्या भाराची आहे का, हे तिच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. दुसरी, ज्वालाग्राही द्रव. साध्या प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि आगीत ते वितळतं. अशा मालाला जमिनीशी जोडलेली पोलादी टाकी बरी. तिसरी, वय. धोकादायक मालासाठी प्लॅस्टिकच्या टाकीचं आयुष्य संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार बनवल्यापासून पाच वर्षं धरलं जातं. आणि चौथी, ऊन. पांढऱ्या टाकीतून उजेड आत जातो, पाण्यात शेवाळ धरतं. म्हणून तिला सावली किंवा काळं आच्छादन हवं.

पाचवी गोष्ट निवडीपेक्षा मोठी आहे. रॉकेलच्या डब्यावर जीव टाकणारं गिऱ्हाईक आजही आहे. पाणीटंचाईच्या गावांत भंगारातलं निळं पिंप आणि ही टाकी पाणी साठवायला घेतली जाते. तिथे गरज खरी असते आणि नवी टाकी परवडत नाही, हेही खरं. पण पत्र्याला जे चिकटतं ते घासून निघतं. प्लॅस्टिकमध्ये काही रसायनं मुरतात आणि पुढे हळूहळू पाण्यात उतरतात. वास येत नाही म्हणून टाकी स्वच्छ, असं मानू नये. घेताना आधी लेबल वाचावं. ज्या टाकीचं लेबल खरवडून काढलंय, ती बांधकामाच्या पाण्यालाही घेताना विचार करावा, पिण्याच्या पाण्याला तर घेऊच नये. खाद्यतेलाची किंवा सरबताच्या पाकाची टाकी मिळाली तर धुऊन वापरता येते. आणि कारखानदारांनी रिकामी टाकी नीट धुऊन, आत काय होतं ते लिहूनच बाहेर सोडावी. भरलेल्या टाकीची नोंद वहीत आपण काटेकोर ठेवतो. तशीच रिकामीचीही ठेवायला हवी, कारण ती पुढे कुणाच्या अंगणात जाऊन उभी राहील, हे भांडारातल्या माणसाला दिसत नसतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)