कोल्हापूरच्या तालमी आणि फुटबॉल

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात (१८९४–१९२२) कुस्तीला लाभलेल्या राजाश्रयामुळे कोल्हापूरच्या पेठापेठांत तालमी, म्हणजे मल्लविद्येच्या व्यायामशाळा, बळकट झाल्या आणि पुढे त्यांच्याच नावाने फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांसारख्या तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळू लागल्याने पेठेचा अभिमान संघनिष्ठेत उतरला, आणि गल्लीत थोरांचा खेळ पाहत वाढलेल्या मुलांना तालीम हीच पहिली शाळा ठरली. मात्र वयोगटानुसार आखलेले शास्त्रशुद्ध प्रशिक्षण ही वेगळी गरज होती. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे शासकीय निवासी प्रशिक्षण केंद्रात, घडला.