पाऊल आणि नृत्याचा जोडा

युरोपांतील बॉलरूम नृत्याचा इतिहास सांगतांना वाद्यांचीं व वेषाचीं वर्णनें विपुल आढळतात; सर्व भार वाहणाऱ्या जोड्याची आठवण मात्र क्वचितच केली जाते. वस्तुतः जोडा पावलाच्या आकाराचा असावा, ही साधी गोष्ट पुनः मान्य होण्यास तेथें सुमारें दोनशें वर्षें लागलीं.

सतराव्या शतकांत फ्रान्सचा राजा चौदावा लुई हा स्वतः निष्णात नर्तक होता. त्याच्या दरबारांत तांबडी उंच टांच हें कुलीनतेचें चिन्ह ठरलें. परंतु टांच आली आणि जोडे करणाऱ्यांची अडचण वाढली. उजव्या व डाव्या पायांसाठीं टांचेचे निरनिराळे लांकडी साचे करणें कष्टाचें व खर्चाचें. म्हणून दोन्ही जोडे एकाच सरळ साच्यावर बेतले जाऊं लागले. पाऊल वांकडें, जोडा सरळ; नमतें घ्यावें लागलें तें पावलालाच! १७८१ सालीं पेट्रस कँपर या डच शरीरशास्त्रज्ञानें जोड्याच्या आकारावर स्वतंत्र निबंध लिहून या प्रकारावर टीका केली.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमारास उंच टांचेची चलती संपली. १८१६ सालीं लंडनमध्यें प्रिन्स रीजंटच्या समारंभांत वॉल्ट्झ झाला, तेव्हां ‘टाइम्स’ पत्रानें त्यावर कडक टीका केली. पण नृत्य टिकलें. टिकत नसत ते स्त्रियांचे पातळ तळाचे सॅटिनचे जोडे! उजव्या-डाव्याचा भेद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुनः रूढ झाला.

१९२४ सालीं लंडनच्या इंपीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग या संस्थेची बॉलरूम शाखा निघाली. या इंग्रजी पद्धतींत पावलें बाहेर न वळवितां, चालतांना पडतात तशीं समांतर पडूं लागलीं. त्याच दशकांत अमेरिकेंत चार्ल्स ब्रॅनॉक यानें पाऊल मोजण्याचें साधन सिद्ध केलें. त्यानें लांबीबरोबर रुंदी आणि टांचेपासून चवड्यापर्यंतचें अंतरहि मोजतां येतें.

या इतिहासाचें सार नवशिक्यानें जोडे घेतांना ध्यानीं ठेवावें. माप सायंकाळीं, पाय किंचित् फुगलेले असतांना घ्यावें. दोन्ही पाय मोजून मोठा असेल तो प्रमाण धरावा. टांच निसटूं नये, बोटें मुडपूं नयेत, आणि जोडा चवड्यापाशींच वांकावा. तळ मऊ, लवदार चामड्याचा असावा. तो पाऊल सरकूंहि देतो आणि आवरतोहि. रबराचा तळ जमीन धरून बसतो व गिरकीचा पीळ गुडघ्यावर येतो. आरंभीं टांच ठेंगणी बरी. दिमाखासाठीं पावलांना छळण्याचा प्रयोग राजदरबारांत पुष्कळ झाला आहे. तो पुनः करण्याचें कारण नाहीं.