माळीणची सकाळ, इर्शाळवाडीची रात्र

मागच्या बैठकीत हप्ते लिहून झाल्यावर गटातल्या एका ताईनं विचारलं, "कोकणात डोंगर घरावर येतो म्हणतात, तो येतो कसा?" तिचा मुलगा रायगडकडं कामाला गेलाय. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या बायांना नदीचा पूर माहीत आहे; डोंगर घसरणं आपण पाहिलेलं नाही. म्हणून आज तो इतिहास सांगते.

30 जुलै 2014. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण. सकाळच्या वेळी डोंगराचा भाग चिखल होऊन गावावर आला. नेहमीप्रमाणे आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना; त्याच्यामुळं बातमी बाहेर कळली. दीडशेहून अधिक माणसं गेली. ढिगाऱ्यातून तीन महिन्यांच्या बाळाचं रडणं ऐकू आलं, म्हणून ते बाळ आणि त्याची आई जिवंत निघाली.

असं घडलेलं माळीण हे पहिलं गाव नव्हतं. जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर एकाच पावसात दरडी आल्या. त्याच तालुक्यात 22 जुलै 2021 ला तळीये गाडलं गेलं. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, ठाकर समाजाची वाडी, झोपेतच दबली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं सापडलीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता, मदत करणारे डोंगर चढून पायी गेले.

या तारखा बघा. सगळ्या जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या. केरळातल्या वायनाडची दुर्घटनाही 30 जुलैचीच, 2024 ची. जूनपासून माती पाणी पीत असते. ती भिजून जड झालेली असताना मोठा पाऊस आला की धोका वाढतो.

सह्याद्रीत खाली काळा कातळ आणि वर मुरूम-माती असते. मुरलेलं पाणी कातळावर अडतं, मातीची पकड सुटते. ओली माती भरलेलं घमेलं तिरपं केलं तर काय होतं, तसंच. त्यात रस्त्यासाठी किंवा घरासाठी उताराचा पायथा कापला, झाडं तोडली, तर आधारच जातो. माळीणमध्ये पावसासोबतच शेतीसाठी यंत्रानं केलेल्या सपाटीकरणाकडंही काही अभ्यासकांनी बोट दाखवलं.

आता महत्त्वाचं ऐका. सरकारकडं दरडप्रवण गावांची यादी असते. इर्शाळवाडीचं नाव त्या यादीत नव्हतं. म्हणजे नुसत्या यादीवर विसंबून चालत नाही. डोंगर दरवेळी इशारा देतोच असं नाही, पण देतो तेव्हा तो बहुधा पाणी भरणाऱ्या, अंगण सारवणाऱ्या बाईलाच आधी दिसतो. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं. नवीन ठिकाणी पाणी पाझरतं. अंगणात, भिंतीत भेगा पडतात, दार अडकू लागतं. खांब, झाडं कलतात. असं दिसलं तर रात्रीची वाट पाहू नका, उजेडातच घर सोडा. ओढ्याच्या वाटेनं खाली पळू नका, उताराच्या बाजूला सरका. जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 हा नंबर पाठ ठेवा.

आणि आपल्याकडं? मुरमाच्या खदानीत खालून कोरलेली कड अशीच आधाराविना उभी असते. सारवायला माती आणायला गेलात तर तिच्याखाली बसून खणू नका, लेकरांना तिथं खेळू देऊ नका.

त्या ताईनं बैठकीतूनच मुलाला फोन लावला. जेवलास का, हे आधी विचारलं. मग म्हणाली, "तुझ्या खोलीच्या मागं काय आहे रे?" तुमचं कोणी घाटाकडं असेल, तर तुम्हीही पावसाळ्याआधी एवढं विचारून घ्या.