छात्रालये, महाराष्ट्रातील

घरापासून दूर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निवासाची व भोजनाची सोय करणाऱ्या संस्था. उच्च शिक्षणाच्या प्रसाराचा इतिहास सामान्यतः महाविद्यालयांच्या संख्येवरून सांगितला जातो. तथापि गरीब व मागासलेल्या वर्गांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी छात्रालयांचा इतिहास आहे. शुल्क माफ झाले, तरी शहरात राहण्याजेवण्याचा प्रश्न सुटल्याखेरीज मिळालेला प्रवेश टिकत नाही.

या कार्यास व्यापक स्वरूप शाहू महाराजांनी दिले. कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. ही छात्रालये प्रामुख्याने जातवार होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सातारा येथे १९२४ मध्ये काढलेल्या छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये मात्र सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत व जेवत. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात (१९४७) ‘कमवा व शिका’ योजनेमुळे श्रमाच्या मोबदल्यात महाविद्यालयीन शिक्षण घेता येऊ लागले.

वऱ्हाडात अंतरामुळे हा प्रश्न अधिक बिकट होता. अमरावतीस १९२३ मध्ये किंग एडवर्ड महाविद्यालय निघाले. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. अकोला–पूर्णा लोहमार्गावरील जऊळका (ता. मालेगाव, जि. वाशिम) यासारख्या गावच्या मुलाला उच्च शिक्षणासाठी घर सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. रेल्वेने शहर जवळ आणले. पण तेथील बिऱ्हाडाचा खर्च कोरडवाहू शेतीवर गुजराण करणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच राहिला. अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांना तर भाड्याची खोली मिळणेही दुरापास्त असे. या परिस्थितीत पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) यांनी अमरावतीत काढलेले श्रद्धानंद छात्रालय महत्त्वाचे ठरते. तेथे जातिभेद न पाळता मुलांची सोय होई. त्यांच्याच श्री शिवाजी शिक्षण संस्थेने पुढे विदर्भात शाळा-महाविद्यालयांचे जाळे उभारले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईस सिद्धार्थ (१९४६) व औरंगाबादेस मिलिंद (१९५०) ही महाविद्यालये काढली. सिद्धार्थमधील सकाळच्या वर्गांमुळे नोकरी करणाऱ्यांना पदवी घेणे शक्य झाले, तर मिलिंदच्या परिसरातील वसतिगृहांमुळे मराठवाड्यातील खेड्यांतली मुले शिकू शकली.

शासकीय साहाय्याचा आरंभ अनुसूचित जातींसाठी १९४४-४५ मध्ये सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीने झाला. १९५९ मध्ये आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या विद्यार्थ्यांना शुल्कसवलत मिळू लागली. अमरावती विद्यापीठाच्या स्थापनेने (१९८३) पश्चिम विदर्भाला स्वतंत्र विद्यापीठ लाभले. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या बँकखात्यात निर्वाहाची रक्कम जमा करणारी ‘स्वाधार’ योजना २०१६-१७ मध्ये अमलात आली.

रोख साहाय्याने खोलीचे भाडे व खानावळीचे पैसे भागू शकतात, मात्र ते वेळेवर हाती पडावे लागतात. छात्रालयांनी त्याहून अधिक काही दिले : घरात कोणीच महाविद्यालय न पाहिलेल्या मुलाला अर्ज कसा भरावा, विषय कोणते घ्यावेत, अपयश आले तर काय करावे, हे सांगणारा वरच्या वर्गातील सोबती तेथे लाभे. प्रवेश घेणे व शिक्षण पुरे करणे यांतील अंतर अनेकांनी या सोबतीच्या बळावर ओलांडले.