काचेच्या पेटीबाहेर

गेल्या वर्षी माझ्या लेकीला जुळं झालं, तेही बत्तिसाव्या आठवड्यात. मुलगी 1450 ग्रॅमची, मुलगा 1280 ग्रॅमचा. आमच्याकडे बाळ जन्मलं की त्याला दुपट्यात गुंडाळून घरातल्या वडीलधाऱ्याच्या हाती देतात आणि तो त्याच्या कानात अजान देतो. नाना म्हणून तो मान माझा. वुजू करून मी सोलापुरातल्या त्या रुग्णालयाच्या जिन्यात उभा होतो. बाळं माझ्या समोरून पेटीत घालून आत नेली आणि दार लागलं.

त्या दारासमोरच्या बाकावर आमचे एकतीस दिवस गेले. जावई रोज सकाळी वजन विचारायचा. आज वीस ग्रॅम चढलं, उद्या दहा उतरलं. सोनाराच्या काट्याकडेही आम्ही कधी इतक्या धास्तीनं पाहिलं नव्हतं. आईला दिवसातून दोनदाच आत सोडत. तिनं काढून दिलेलं दूध सिस्टर बोंडल्यानं पाजत. लेक बाहेर येऊन म्हणायची, “अब्बा, ती माझी आहेत असं वाटतच नाही हो.” हे वाक्य माझ्या मनातून जाईना. कविता बाजूला ठेवून मी या पेटीचा इतिहास वाचू लागलो.

पेटी मूळची पॅरिसची. 1880 च्या सुमारास स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञानं प्राणिबागेत अंडी उबवण्याचं यंत्र पाहिलं आणि तसंच यंत्र बाळांसाठी करवून घेतलं. खाली गरम पाणी, वर बाळं, बस्स. पण दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण त्याच्या रुग्णालयात 66 टक्क्यांवरून 38 वर आलं. पेटीचे हे उपकार आधी मान्य केले पाहिजेत. तिच्यावाचून आमची दोघंही राहिली नसती कदाचित.

त्याचाच शिष्य पिएर ब्यूदँ. त्याच्या ध्यानात एक वेगळीच गोष्ट आली. ज्या आयांना बाळाचं काहीच करावं लागलं नाही, त्यांच्यातल्या काहींची बाळावरची माया आटते आणि त्या मूल टाकून जातात. म्हणून आयांनी यावं, पेटीच्या काचेतून बाळाला पाहावं, अंगावर पाजावं, असा त्याचा आग्रह होता. माझी लेक जे बोलली ते शंभर वर्षांपूर्वी एकानं ऐकलं होतं तर!

पुढचा प्रकार मात्र ऐकवत नाही, आणि सोडवतही नाही. मार्टिन कूनी नावाच्या माणसानं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर, जत्रेच्या खेळांशेजारी, 1903 ते 1943 अशी चाळीस वर्षं पेटीतली बाळं तिकीट लावून दाखवली. तिकीट 25 सेंट. त्याच्याकडे वैद्यकाची पदवी होती याचा पुरावा पुढे संशोधकांना मिळाला नाही. पण आईबापांकडून त्यानं दमडी घेतली नाही आणि हजारो बाळं जगवली. मोठी झालेली बाळं परत न्यायला आईबापांना राजी करणं त्याला जड जाई, असं सांगतात. लोक तिकीट काढून बघत होते. आई मात्र लांबच.

मग जंतुसंसर्गाच्या भीतीनं रुग्णालयांनी दारं आणखी घट्ट लावली. ती पुन्हा उघडली ती श्रीमंतीनं नव्हे, अडचणीनं. 1978 साली कोलंबियातल्या बोगोता शहरात डॉ. एदगार रेय यांच्यापुढे पेट्या कमी, बाळं जास्त, एकेका पेटीत दोन-दोन, असा पेच होता. त्यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधली. यालाच आपण आता ‘कांगारू’ म्हणतो. 2021 साली भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग. बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मताच कांगारू सुरू केलं, तर मृत्यू 25 टक्क्यांनी घटतात असं त्यात दिसलं. दुधाच्या बाबतीत आपली मुंबईही मागे नाही. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी शीवच्या पालिका रुग्णालयात 1989 सालीच मातृदुग्धपेढी काढली होती.

हे सगळं मी बाकावर लेकीला वाचून दाखवत असे. सातव्या दिवशी तिनंच डॉक्टरांकडे विषय काढला. नवव्या दिवशी मुलगा तिच्या छातीशी आणि मुलगी जावयाच्या छातीशी, अशी दोघं खुर्च्यांवर बसली. नानाला आत मज्जाव. अजान जावयानंच दिली, कुजबुजत, एकेकाच्या कानात. काचेतून मला फक्त त्याचे ओठ हललेले दिसले.

बाविसाव्या दिवशी मुलीला घरी न्यायची परवानगी मिळाली. लेक म्हणाली, “नेईन तर दोघांना.” डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, तिच्या आईनं तर रागे भरून पाहिलं. ती हलली नाही. शेवटी मुलगी तिच्या खाटेवर आली आणि मायलेकी मिळून आतल्या धाकट्याची वाट पाहू लागल्या. आणखी नऊ दिवस.

एकतिसाव्या दिवशी घरी आलो. रिक्षातून उतरल्या उतरल्या मी हात पुढे केले. लेकीनं दोन्ही बाळं आत नेली, खोलीचं दार लोटून घेतलं आणि आतून म्हणाली, “अब्बा, आधी हात धुवा.”